चौथा पॉवर सप्लाय आणि बारा मासे

पानचेवो, १० डिसेंबर

आदरणीय वुकाशिनदादांना तिहोमिरचा सविनय नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? उझित्सेत बर्फ पडला असेल, जपून चालावे. आमच्याकडे सर्व क्षेम, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरे तर आमच्याकडे सध्या मी एकटाच आहे, आणि बाकी सर्व, म्हणजे देसांका, तुमच्याकडे आहे. तिने तुम्हाला तिची बाजू सांगितलीच असेल. (ती खरी आहे. तरी माझीही ऐका.)

लग्नाआधी तुमची बहीण सूतगिरणीच्या गायकवृंदात होती आणि त्यांची एक तबकडी निघाली होती, हे तुम्हाला आठवत असेल. शेवटच्या गाण्यात एक ओळ ती एकटी गाते, अगदी हळू. ती ओळ नीट ऐकावी म्हणून निवृत्तीनंतर मी घरीच प्रीअँप, म्हणजे तबकडीचा आवाज वाढवणारे यंत्र, बनवला. सुईतून येणारा आवाज इतका क्षीण असतो की तो शेकडो पटींनी वाढवावा लागतो, आणि विजेत जराशी कुरकुर असली तर तीही तितकीच वाढते. नेमकी देसांका गाऊ लागली की माझ्या स्पीकरमधला घूं असा आवाज तिला बुडवून टाकायचा. दोष प्रीअँपला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा, असे मी ठरवून टाकले.

पहिला सप्लाय बांधला, घूं. दुसऱ्यात मोठे कपॅसिटर घातले, घूं. तिसऱ्यात एका रेग्युलेटरमागे दुसरा लावला (एका दाराला दोन पहारेकरी), तरी घूं. चौथ्याचा ट्रान्सफॉर्मर वेगळ्या पत्र्याच्या डब्यात घालून लांब कोठीघरात, मिरच्यांच्या चटणीच्या बरण्यांमागे नेऊन ठेवला. डबा देसांकाचा होता आणि त्यात तिची बटणे होती. ती मी कुठेतरी ओतून ठेवली आहेत. त्यावर ती एवढेच म्हणाली, "अहो, माझा आवाज ऐकायचाय ना तुम्हाला? मग मी बोलते तेव्हा ऐका की." मी म्हटले, जरा थांब, मोजमाप चालू आहे.

मग माझा संशय तळघरातल्या फ्रीजरवर गेला. पाच मिनिटांसाठी बंद करून बघू म्हटले. तेवढ्यात एक सांधा सुटलेला दिसला, मी डाग द्यायला बसलो, आणि फ्रीजर आठवला तो तीन दिवसांनी. म्हणजे मला नाही, शेजारच्या स्तोयांकाबाईंना. त्यांनी जिन्यातून विचारले, "तिहोमिर, तुमच्या तळघरात कोण मेलंय का रे?" आत आमच्या कुळाच्या संताच्या दिवसासाठी ठेवलेले बारा कार्प मासे होते. संत निकोलांचा दिवस नेहमी नाताळाआधीच्या उपासातच येतो, तेव्हा मांस चालत नाही, त्यामुळे पानात मासेच हवेत, आणि त्या दिवशी पाहुण्यांना कोणी बोलावत नाही, ते येतातच. देसांका ओरडली नाही. तिने मासे पिशवीत बांधून टाकून दिले, कोट घातला आणि बस गाठली. ती ओरडली नाही याचीच मला भीती वाटली.

असो. पत्र लिहिण्याचे कारण असे, की तुमच्याकडे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे ते जुने यंत्र पडून आहे, ते महिनाभर पाठवावे. पाचव्या सप्लायच्या कामी येईल. वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा.

तुमचा
तिहोमिर

ता. क. यंत्र पाठवू नका. पाकीट शोधायला कपाटामागे वाकलो तेव्हा दिसले, की रेकॉर्ड प्लेअरची अर्थिंगची तार मी घर तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पाइपाला बांधली आहे, वडील रेडिओची बांधायचे तशी. प्रीअँपला भिंतीतले अर्थिंग आधीच होते. दोन्हींकडून जोडल्यामुळे घूं येत होते. पाइपावरची तार सोडून प्रीअँपला जोडली आणि आवाज गेला. चारही सप्लाय निर्दोष होते, फ्रीजरही. चूक माझी, पहिल्या दिवसापासूनची. हे तिला मोठ्याने वाचून दाखवा.

ता. क. २. ती ओळ ऐकली. गाण्याआधी देसांका श्वास घेते, तोसुद्धा ऐकू आला. मग तबकडी संपली आणि घरात काहीच ऐकू येईना. माझ्याने ते सोसवेना, म्हणून तळघरात जाऊन फ्रीजर चालू केला. आत काही नाही, नुसती घुरघुर चालू आहे. एकोणीस तारखेला, संत निकोलांच्या दिवशी, पाहुणे येतील. मासे मी आणतो, साफही करतो, सणाच्या पावाची कणीकही मळून पाहीन. तिने काही आणू नये. फक्त यावे.