पॉइंट चाचाच्या अंगातला कोट

१० मार्च
आबिड्सच्या पोस्टात रांगेत उभा. मागून एक बाई, "पॉइंट चाचा! बोलो ना, पैला पॉइंट!" बोललो. रांग हसली. खिडकीतल्या बाबूने हसता हसता शिक्का स्वतःच्या बोटावर मारला. बावीस वर्षं उपरोधिक लेख लिहिले, शेजाऱ्यानेही वाचले नाहीत. सहा महिने टीव्हीवर तोंड वाकडं केलं, आता भाजीवालीही वाकडं तोंडच मागते.
घरी आलो तर बाबा कपाटात काहीतरी शोधत होते. काय, ते विचारलं नाही. माहीत होतं.

१२ मार्च
निदान वहीशी खोटं नको. पहिल्या एपिसोडला चॅनेलकडे धड कपडे नव्हते, म्हणून बाबांचा काळा कोट नेला. न विचारता. चार दिवसांत आणून टाकू म्हणून. रेल्वेतून रिटायर होताना शिवलेला. वर्षातून एकदा घालतात, बुद्धपौर्णिमेला, तारनाक्याच्या विहारात भाषण करताना.
कोटाबरोबर भाषणही नेलं म्हणा. बोट वर करून "पहिला मुद्दा", मग खोकला, मग "दुसरा मुद्दा". माझ्या तोंडी दखनीत त्याचा पॉइंट झाला. लोक लोळले. आता डायरेक्टर इरफान कोट सोडत नाही. "चाचा का कोट बदले तो पब्लिक मारेगी, मियाँ."
बाबा टीव्ही बघत नाहीत. अशी माझी सोयीची समजूत.

२३ मार्च
शूटिंग. राज्य दोन होतंय, तेव्हा चॅनेलला वाटणीवर एपिसोड हवा. चाचा घरातली भांडी वाटतो, झारा आंध्राला, कढई तेलंगणाला. कुणी हसेना. इरफान घामाघूम. "कुछ दिल का निकालो ना, साब."
काढलं. माझ्या नव्हे, बाबांच्या दिलातलं. "छप्पन साली राज्य वाटलं, गाव तिकडं गेलं, मी इकडं राहिलो. जागचं मात्र कुणीच हललं नव्हतं." दर वर्षी विहारात हे शेवटी म्हणतात आणि चष्मा पुसतात. मी चष्मा पुसताना डोळ्यात बोट घातलं. लाइटवाला खाली बसून हसला.

३० मार्च
एपिसोड लागला. मध्येच सुमनने आवाज बंद केला.
"हे बाबांचं आहे हो."
"पात्र आहे ते."
"पात्राच्या खिशाला मी घातलेला टाकासुद्धा आहे का?"
नवऱ्याच्या कलेची एवढी बारकाईने समीक्षा आजवर कुणी केली नव्हती. हसायला वळलो, तर बाबा दारात. पाण्याचा तांब्या घेऊन उभे. किती वेळ, कोण जाणे. पडद्यावर माझं तोंड हलत होतं, आवाजाविना.
"कोट सापडला म्हणायचा," एवढंच बोलले.

५ एप्रिल
न्हाव्याने बाबांना मानाने बसवलं म्हणे, पॉइंट चाचाचे वालिद म्हणून. वर विचारलं, "आप भी वैसाच बोलते क्या?" सुमनने सांगितलं. मला बाबा काही सांगत नाहीत. चहा झाला, पेपर ठेव, दार लाव. आज भाजी सांगताना बोट वर गेलं, "पहिला..." आणि बोट खाली. "मेथी आण."
अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं बोलणं मी...

२० एप्रिल
विहाराचे सेक्रेटरी गायकवाडकाकांचा फोन. "यंदा पौर्णिमेला तू बोलायचं. बाबांनीच तुझं नाव सुचवलं. पोरं येतील रे, एरवी आम्ही म्हातारेच. त्या वेषातच आलास तर..."
"आणि बाबा?"
"घसा बरा नाही म्हणाले."
घसा ठणठणीत आहे. सकाळी त्रिसरण म्हणतात ते मलकपेठच्या निम्म्या गल्लीला ऐकू जातं.

११ मे
कोटासाठी इरफानच्या विनवण्या. पायच धरायचे बाकी होते. शेवटी रडलो. खरंखुरं, नाक गळेपर्यंत. इरफान टाळी वाजवून म्हणाला, "वा! ये अगले एपिसोड में रखो."
चार दिवसांच्या बोलीवर मिळाला. आत पोटासाठी गादी शिवलेली. सुमनने ती उसवली. कॉलरला मेकअपचा डाग, जात नाही.

१४ मे, पौर्णिमा
सकाळी कोट पुढे केला. "बाबा, तुम्हीच बोला. मी सगळ्यांसमोर माफी मागतो."
त्यांनी कॉलर झटकली आणि कोट माझ्या खांद्यावर ठेवला. "तूच घाल. माझ्या अंगावर आता नक्कल वाटेल."
घातला नाही. हातावर घेऊन गेलो. विहार खचाखच. माईकवर म्हटलं, मी माझ्या वडिलांची चोरी केली. हशा. कोट वर करून दाखवला. शिट्ट्या. "हसू नका हो," म्हटलं, आवाज फाटला, तर टाळ्या. जितकं खरं बोलावं तितका मोठा हशा. पाया पडलो असतो तर वन्स मोअर आला असता.
मागच्या रांगेत बाबा, पांढरा शर्ट, हात मांडीवर. हसणाऱ्यांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. शेवटी गायकवाडकाका डोळे पुसत त्यांनाच म्हणाले, "हुबेहूब तुम्ही!"
परतताना ऑटोत तिघे. मुसारामबागच्या पुलावर बाबांनी बोट वर केलं. किती दिवसांनी!
"दुसरा मुद्दा," म्हणाले.
मग खोकला. मलकपेठ येईस्तोवर खोकलाच. पहिला कोणता होता, ते विचारायला तोंड उघडेना.

१५ मे
सकाळचे दहा. चॅनेलची गाडी कोट न्यायला आलीय, खाली हॉर्न मारतेय. खुंटी रिकामी. बाबांच्या खोलीला आतून कडी. सुमन म्हणते, मघापासून आत बोलताहेत, मोठ्याने, थांबून थांबून. "जा ना, ऐका तरी."
दाराजवळ गेलो नाही. ऐकलं तर वापरीन.