तळ्यातल्या पाली

१९ मार्च २००६, नॉटिंगहॅम

तळं बुजवणार! जेवताना अनय म्हणाला, मीठ मागावं तसं — "बाबा, किचन एक्स्टेंड करतोय. तळ्याच्या जागी." माझ्या सुप्रभाने हौसेने खणून घेतलेलं तळं. ती गेली, तिची कमळं अजून येतात. घर मीच मुलाच्या नावावर केलंय. आता बोलणार कोण?

२ एप्रिल

सुचलं! रिकामं तळं कुणीही बुजवेल. जिवंत माशांवर सिमेंट कोण ओतेल? शाळेत नदीची कविता सगळा वर्ग एका चालीत म्हणायचा, आणि खिडकीबाहेर खरी नदी. तळ्याचं पाणी त्या खऱ्या नदीसारखं जिवंत करीन — कॅनॉलमधले रानटी मासे आणून.

अनय हसेल वाटलं. पण — "आणा की, बाबा. फक्त आधी त्या पाली काढा. डिस्गस्टिंग!" खरंच आहेत, पाठीवर करवतीसारखा तुरा, पोट नारिंगी. अंगावर पाल पडली की आई डोक्यावरून आंघोळ घालायची. शिसारी आली. अनयने स्वतः जाळी आणि काळ्या पिशव्या आणून दिल्या. गुणी पोर.

८ एप्रिल

पाली काढल्या. दोन पिशव्या, गाठ मारून कचऱ्याच्या बिनमध्ये. बराच वेळ सळसळत होत्या. मी नदीची कविता मोठ्याने म्हणत चहा केला.

२२ एप्रिल

कॅनॉलवर माझ्या मित्राच्या, माधवच्या गळाला सहा पर्च मासे! अंगावर वाघाचे पट्टे, कल्ले लालभडक. तो कुरकुरला — "पुरुषोत्तम, इथे मासा परत सोडतात. घरी नेणं इल्लीगल आहे रे." म्हटलं, तू गाडी चालव, रस्त्याकडे बघ. एक वाटेत मेला. खिडकीतून भिरकावला.

२० मे

पानांना चिकटलेल्या अंड्यांतून पालींची पिल्लं निघाली. पारदर्शक, नखाएवढी. पर्चनी एकेक टिपलं. खुर्ची टाकून दुपारभर पाहिलं — किती लय त्या झडपेत! सुप्रभा असती तर म्हणाली असती, "अहो, आत या, डोकं फिरलंय तुमचं."

६ जून

बांधकामाच्या परवानगीसाठी एक बाई तळं तपासायला आली. तिने एक फोटो दाखवला — तुरा, नारिंगी पोट. "हे न्यूट, बेडकांचे नातलग. हे इथे असते तर तळ्याला हात लावणं मुश्कील होतं. कायद्याने संरक्षण आहे त्यांना."

"आणि मासे?" मी विचारलं.

"मासे काय, बादलीत घालून दुसरीकडे न्या."

पाली म्हणून मी... अनयने बाईंना बिस्किटं दिली.

७ जून

श्रद्धाला सगळं सांगितलं. म्हटलं, सूनबाई, माझ्या हातून केवढी चूक झाली! ती ओट्याकडे तोंड करून उभी. म्हणाली —

"बाबा, त्या न्यूटचं अनयला मार्चपासून माहीत होतं."