पन्हळीवरची पाटी

वाटूर, ४ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस,
आबाचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

फोनवर माझं तोंड खराब झालं असतं, म्हणून पत्र. काल बोरखडी स्टेशनची डागडुजी बघून आलो. किळस आली. सव्वाशे वर्षांचा काळा घडीव दगड, त्यावर गुलाबी ऑइलपेंट फासलाय. कमानींना प्लास्टिकची फुलं. नव्या फरशीवर लोक आतापासूनच गुटखा थुंकलेत, तो त्या रंगाला शोभून दिसतो.

खरा संताप तर पुढंच आहे. पाणीखोलीच्या खिडकीतून बाहेर आलेली दगडी पन्हळ आहे ना, तिच्यावर पाटी आहे, की निजामाच्या काळात इथं घोडे पाणी पीत. कोणत्या गाढवानं लिहिलं? आतून पाणीवाला ओतायचा, त्याच्या भांड्याला आमचा विटाळ नको म्हणून. माझा बाप बाहेर ओंजळ धरून उभा राहायचा. वीस तारखेला उद्घाटन आहे. तुझ्याच ऑफिसकडे ते काम आहे, तर ते लिहिणाऱ्याला गाठ आणि पाटी बदलून घे.

तुझी आई म्हणते, रागानं साखर वाढते. वाढू दे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा आबा,
भिवा

छत्रपती संभाजीनगर, ९ फेब्रुवारी

ती. आबांस,
मोनालीचा सविनय जयभीम, वि. वि.

ते गाढव मीच. उद्घाटनाला आणून तुम्हाला चकित करणार होते. रंगाला मी विरोध केला, कुणी ऐकलं नाही. पाटी मात्र माझी. सातवीत असताना मी त्या पन्हळीला हात लावला, तेव्हा तुम्ही तो झटकलात आणि म्हणालात, की इथं घोडे पाणी प्यायचे. मी कधी तपासलंच नाही. बापाचं सांगणं कोण तपासतं?

तुमचं पत्र वाचून तशीच आमच्या ऑफिसच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, की मंगल प्रसंगी असली घाण उकरायची बिलकुल गरज न्हाई, पाटी काढू आणि पन्हळीवर टाइल्स लावू. मी भांडले. शेवटी कबूल झाले, की तिथं स्वतः पाणी प्यालेल्या माणसाचं सहीनिशी लेखी आलं तर नवी पाटी लावू. आजोबा तर गेले. तुमच्या ओळखीत कुणी आहे का? अठरा तारखेच्या आत हवं.

आईला जयभीम. माझ्यावर चिडलात तरी माया राहू द्या.

तुमची,
मोनाली

वाटूर, १३ फेब्रुवारी

चि. मोनालीस,
जयभीम.

लेकीच्या डोळ्यांपुढं ती ओंजळ नको, म्हणून मी घोडे आणले. माझा मलाच वीट आलाय. तुझ्या आईनंही हे आज पहिल्यांदा ऐकलं. ओळखीत आहे एकजण. उतरवून घे.

मी भिवा गणपत साळवे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार वाटूर. सहा वर्षांचा असताना बापाच्या शेजारी उभा राहून या पन्हळीखाली ओंजळीनं पाणी प्यालो. ओतणाऱ्यानं आमच्या तोंडाकडं बघितलं नाही. उन्हाळा होता. पाणी गार होतं आणि मला गोड लागलं.

साहेब शेवटची ओळ कापू म्हणतील. कापू देऊ नकोस. मला सगळ्यात जास्त किळस तिचीच येते, आणि ती खरी आहे.

सही खाली केलीय. लोभ उरला असेल तर असू दे.

तुझा आबा,
भिवा गणपत साळवे