तूबाची खुर्ची

१२ डिसेंबर १९९४, सोमवार

अभिरूप संसद माझ्याच डोक्यातून निघालेली! राज्यशास्त्राच्या पोरांनी पुस्तकातली लोकशाही एकदा करून बघावी, एवढंच. शिवमूर्ती पंतप्रधान, तूबा सभापती. आणि पंतप्रधानांनी आणलं काय — निवडणुका बंद करायचं विधेयक! कारभार एकाच माणसाच्या हाती. 'परक्यांना' मत नाही, पद नाही. परके म्हणजे कोण, ते तो बोलला नाही. सगळे खुर्चीवरच्या तूबाकडे बघत होते, वर्गातल्या एकट्या मुसलमान पोरीकडे.

मी हटकलं तर शिवमूर्ती म्हणाला, "आमचं गाव पडलं तवा मतं मागणारे कुठं होते, मॅडम? जवान आले. आईला दगडाखालून काढायला जवानांनी मतदान घेतलं का?"

त्याच्या आईचं मला ठाऊक होतं. गेल्या वर्षीच्या भूकंपापासून तो चाकूरला मामाकडे राहतो, तिथून बसनं इथं लातूरला कॉलेजला येतो. म्हणून मी गप्प बसले. विरोधी बाकं हाणून पाडतील, असं धरून चालले.

हात मोजले. समसमान! हुश्श केलं — आता निर्णायक मत सभापतीचं.

तूबानं विधेयकाच्या बाजूनं हात वर केला. स्वतःच्याच विरुद्ध!

१३ डिसेंबर

तिला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, संध्याकाळी मला याच पोरांसंगं चाकूरच्या बसमध्ये बसायचंय." एवढंच म्हणाली. माझं डोकं कुठं होतं? सगळ्यांसमोर हात वर करायला लावले मी!

१४ डिसेंबर

वर्गात शिरले तर तूबा एकटी शेवटच्या बाकावर. का, विचारलं. "सभागृहाचा ठराव हाय. परक्यांनी मागं बसायचं." पोरं हसून सांगतात! मी ओरडले. ठराव रद्द, म्हणाले.

शिवमूर्ती शांतपणे उभा राहिला. "बहुमत मोडणार? तुम्ही एकट्या? मग आमच्यात अन् तुमच्यात फरक काय, मॅडम?"

मी वळून फळा पुसायला लागले. उत्तर सुचलं ते घरी, वांगी चिरताना — कुणाचा हक्क मताला टाकताच येत नाही! वर्गात काय झालं होतं मला?

१५ डिसेंबर

प्राचार्य म्हणाले, "गावभर क्लासेसच्या पाट्या लागल्यात, मॅडम. हुशार पोरं सगळी सायन्सला पळायलीत. आर्ट्सला उरलीत ती तरी टिकवा. ते संसदेचं खूळ बंद करा अन् प्रश्नोत्तरं लिहून द्या."

तूबाचं नावही काढलं नाही. मला भयंकर राग आलाय.

१६ डिसेंबर

तूबा आली नाही. कॉलेज सुटल्यावर तडक चाकूर गाठलं. तिचे वडील जिलानीभाई घरापुढच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करतात. चहा मागवला, स्टूल पुसून दिलं. काल बसमध्ये पोरांनी तिला सीटवरून उठवलं म्हणे. ठराव आहे म्हणून. लातूरपासून उभी! मी शरमेनं मेले.

"बच्ची घरमेच पढ लेती, मॅडम. इम्तिहान को आ जाती."

आत तूबा होती. पडद्यामागे पाय दिसले. बाहेर आली नाही.

१७ डिसेंबर

ते वांग्यांचं उत्तर आज वर्गात दिलं. मागून आवाज आला, "भ्यायल्या मॅडम! मग घ्या की पुन्हा मत!" आणि मी भडकले. घेते, म्हणाले, चिठ्ठ्यांनी घेते! हक्क मताला टाकता येत नाही, असं सांगून तोच हक्क पुन्हा मताला टाकला. स्वतःला काय म्हणावं?

पण खात्री होती. दबाव नसला की पोरं नीट मत देतील.

चिठ्ठ्या उघडल्या. बाजूनं. बाजूनं. बाजूनं. सोमवारी विरोधात हात वर करणारेसुद्धा! पार्वतम्मा पुढच्या बाकावरची, गुणी पोर. तिला विचारलं तर म्हणते, "तूबानंच मान्य केलं मॅडम, मग आम्हीच कशाला वाईट व्हायचं?"

विरोधात एकच चिठ्ठी. तूबा तर वर्गात नव्हतीच. मग ही कुणाची?

मला भीती वाटतेय. या पोरांची. मी शिकवलेल्या!

१९ डिसेंबर, सोमवार

कॉलेज सुटलं तरी चाकूरची बस सोडून शिवमूर्ती स्टाफरूमच्या दारात उभा. चेहरा पांढराफटक. "मॅडम, ती एक चिठ्ठी माझी हाय." तूबाला उठवलं तेव्हा त्याला सहन झालं नाही म्हणे. आज सकाळी बसमध्ये पोरांना म्हणाला, झालं ते बास, तिला येऊ द्या.

"तर मलाच म्हणले, तू बी परकाच का? माझं कुणीच ऐकंना, मॅडम. आता मी कुठं बसू?"