हिशिनुमाचं बुजवलेलं तळं

हिशिनुमा पेठ,
१२ नोव्हेंबर १९५८

यासुके,

ओतारूला एव्हाना बर्फ पडायला लागलं असेल. तुझा गुडघा थंडीत ठणकतो का अजून? इकडे सगळं ठीक आहे. खडावा आता कुणी घेत नाही, म्हणून दुकानात मी रबरी चपला ठेवल्यात. सार्वजनिक न्हाणीघरात टेलिव्हिजन आणलाय, तेव्हापासून बायका अंग पुसायचं विसरून बसून राहतात.

हे पत्र मी सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला घेतेय. दोन ओळी झाल्या की उठते, झाडलेलं दुकान पुन्हा झाडते. आत्ताही किटली ठेवून आले, पाणी उकळून आटलं तरी चहा केला नाही.

आपले महंत गेले. गेल्या महिन्याच्या सव्वीस तारखेला. "त्यांचं नाव माझ्यासमोर काढू नकोस" असं तू बजावलं होतंस, म्हणून लगेच कळवलं नाही. हेही तितकंसं खरं नाही. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की पुढचंही लिहावं लागेल, हे मला ठाऊक होतं.

वसंतात देवळाला तीनशे वर्षं होतील. त्यानिमित्ताने पेठेचा इतिहास छापायचाय. पेठ-मंडळाचे प्रमुख कुमेदा, ते रंगारी, तुला आठवत असतील. त्यांनी काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणाले, "ओरिएबाई, तुमचं अक्षर चांगलं. आणि तुमच्याइतकं जुनं इथं उरलंय कोण?"

पहिली पानं भराभर झाली. तळ्यातले शिंगाडे काढणाऱ्यांनी वर्गणी काढून देऊळ बांधलं, रंगारी सांडव्याच्या पाण्यात कापड धुवायचे म्हणून ती रंगारी आळी, आणि काठाकाठाने गेली ती वाकडी आळी. नवे लोक विचारतात, सपाट जमिनीवर रस्ता असा वाकडा का? मी म्हणते, दारुड्याने आखला असेल. लोक हसतात.

मग १९४५ साल आलं आणि हात थांबला.

यासुके, तुझी फुमी पळताना रस्त्यात गेली असं मी तुला कळवलं होतं. ती तळ्यात गेली.

त्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्याची आग पेठेत शिरली तेव्हा महंत देवळाच्या दारात उभे राहून ओरडत होते, शाळेकडे चला, टेकडीवर चला. फुमीने माझ्याकडे बघितलं. "ताई, कुठे जायचं?" मी म्हटलं, "तू तळ्यात उतर. पाण्याला कुठली आग लागतेय? मी आईला घेऊन आलेच." आई जिना उतरेना. तिला पाठीवर घेऊन बाहेर आले तोवर तळ्याची वाट पेटली होती. लोकांच्या रेट्यात आम्ही टेकडीकडे ढकलले गेलो. म्हणजे महंतांचं ऐकलं मी, आणि माझं ऐकलं तिने. तळ्यात अठरा माणसं होती. धूर पाण्यावरच बसून राहिला होता. नंतर महंतांनी आणि मी त्यांना बाहेर काढलं. फुमीचे केससुद्धा जळले नव्हते.

दोन वर्षांनी पेठेतला राडारोडा टाकायला जागा हवी होती आणि सगळ्यांची नजर तळ्यावर गेली. महंत एकटे नको म्हणाले. "आपली माणसं त्या पाण्यात गेलीत. आणि पश्चिमेचा काठ यासुकेचा आहे. तो येईपर्यंत मी सही करणार नाही." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सैबेरियाच्या कैदेतून कोण परत येतंय?" घरी जाऊन सहीच्या जागी चालणारा तुझा शिक्का आणला आणि कागदावर उमटवला. मग त्यांनीही सही केली. जागेची चणचण होती हे खरं, पण मी त्यासाठी केलं नाही. दुकानात बसलं की ते पाणी समोर दिसायचं. मला ते बुजायला हवं होतं.

आणि आणखी दोन वर्षांनी तू आलास. घरी न येता आधी तळ्यावर तुझ्या होड्या असायच्या तिकडे गेलास. तिथे भजीवाल्यांच्या टपऱ्या उभ्या होत्या. तिथून तडक देवळात. मी धावत मागोमाग आले, तेव्हा तू महंतांना म्हणत होतास, "तळं विकून खाल्लंस, म्हाताऱ्या. माझी बायको त्या तळ्यावर नांदली होती." महंतांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चटईवर डोकं टेकवलं आणि म्हणाले, "चूक माझी आहे." मी खांबाशी उभी होते. तोंड उघडायला पुष्कळ वेळ होता. तू तुझी पिशवी उचललीस, दारात बसून बूट बांधलेस, तेव्हाही होता.

पुढे एकदा मीच त्यांच्याकडे विषय काढला. खडावेचा पट्टा बदलून घ्यायला आले होते. म्हणाले, "सही मीही केली ओरिए, तेव्हा मी काही खोटं बोललो नाही. पण तुझ्या वाट्याचं तू त्याला सांगायला हवंस. ते काम माझं नव्हे." पट्टा पायाला लागतो का बघितला आणि गेले. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. ते आजारी पडले, तरी मी फक्त पेज नेऊन देत होते.

परवा देवळात बैठक झाली. मी सगळं लिहिलं होतं तसं वाचलं, शिक्क्याचंही आणि फुमीचंही. कुमेदा म्हणाले, "पेठेचा इतिहास मागितला होता बाई, तुमच्या घरचा नव्हे. हे गाळू या." तेव्हा महंतांच्या पत्नी मागून बोलल्या. त्या बैठकीत कधी बोलत नाहीत. "छापा. माझ्या नवऱ्याला नऊ वर्षं लोक तळं गिळणारा म्हणत होते. तुम्हीही म्हणालात कुमेदासान, न्हाणीघरात, माझ्या मुलाच्या देखत." ते पान छापायचं ठरलं.

मासेवालीचा बाप त्या अठरांत होता. ती आता मान फिरवून दुकानावरून जाते. काल मात्र आली, चपला घेतल्या, पैसे ठेवून गेली.

माफी मागायला हे पत्र नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही. छापील कागदावरून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढंच.

पण एक गोष्ट विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या पानावर अठराही नावं द्यायचीत. फुमी हे नाव कितीतरी वेगळ्या चिन्हांनी लिहिता येतं, ती आपलं कुठल्या अक्षरांत लिहायची? नोंदवह्या जळाल्या, तिच्या माहेरचं कुणी उरलं नाही. मी तिला तीन वर्षं रोज हाक मारली, पण तिचं नाव कधी लिहायची वेळ आली नाही. तुला पाठवलेल्या पत्रांवर ती ते लिहायची. हे वर्ष संपायच्या आत हवंय. मला पाठवायचं नसेल तर देवळाच्या पत्त्यावर पाठव. फक्त अक्षरं पाठवलीस तरी चालेल.

मला अजून ताई म्हणायचं की नाही, ते तू ठरव. मी खाली नुसतं नाव लिहिते.

ओरिए