दुकानाच्या बाकड्यावरचा शब्द

अण्णा, तुमच्या लेकानं आज पुन्हा घरच्या ग्रुपवर टाकलंय, मॉलला जाऊ नका, आपल्या गल्लीतला दुकानदार जगवा. खाली तुमचा हार घातलेला फोटो. सगळ्यांनी हात जोडले. मी नाही जोडले. मी तेव्हा लातूरच्या मॉलमध्येच ट्रॉली घेऊन उभी होते, आणि मला लई राग आला.

तुम्हाला मोठ्या दुकानाचा तिटकारा. उदगीरला कुण्या कंपनीचं काचेच्या दाराचं दुकान आलं तेव्हा तुम्ही आईला बजावलंत, "तिथं पाय ठेवायचा न्हाई. आपला मानूस हाय ना." आपला माणूस म्हणजे कोपऱ्यावरचे किराणावाले काका. साबणापासून सुतळीपर्यंत सगळं त्यांच्याकडनंच, आणि तुमची रोजची संध्याकाळ त्यांच्या बाकड्यावर. घरात कोण आजारी, कुणाकडं पाहुणे, साखर यंदा लवकर कशी संपली, सगळी चौकशी व्हायची. तुम्ही त्याला माया म्हणायचात. मला त्याचा वीट आला होता. कागदात गुंडाळलेलं पुडकं घ्यायला गेलं तरी, "आई बरी हाय ना गं?" मी मान खाली घालून पळत सुटायची.

बारावी झाली आणि माझा नंबर नांदेडला नर्सिंगला लागला. आईला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं. रविवारी मामा येऊन तुम्हाला समजावणार होता, त्याचं तुम्ही ऐकायचात. शनिवारी मी पत्र्याच्या पेटीला कुलूप आणायला गेले. दुसरीकडनं आणलेलं तुम्हाला खपलं नसतं, म्हणून काकांकडंच गेले. संध्याकाळी त्यांनी चार माणसांत तुम्हाला विचारलं, "पोरगी कुठं निघाली अण्णा? पेटीचं कुलूप न्हेलंय." काळजीनंच विचारलं असेल. तुम्ही घरी आलात आणि वाढलेलं ताट सरकवलंत. "माझ्या घरातली गोष्ट मला दुकानात कळती? मी सांगून आलोय, पोरगी कुठं जात न्हाई." झालं! मामानं हात जोडले, आई रडली, तुमचं एकच, "बाकड्यावर बोलून बसलोय, आता कुठल्या तोंडानं फिरवू?" चार रिकामटेकड्यांपुढं तुमचा शब्द राहावा म्हणून माझं नांदेड गेलं. आणि माझ्या लग्नाला त्याच काकांनी साखरेचं पोतं पाठवलं तर तुमचा ऊर भरून आला. मला ते पोतं नालीत ओतावंसं वाटत होतं.

म्हणून मी मॉलला जाते. हौसेनं जाते. मी काय घेते, कुणासाठी घेते, तिथं कुणाला काही पडलेलं नाही. बिल करणारी पोरगी मानसुद्धा वर करत नाही. हे ग्रुपवर लिहिलं तर म्हणतील, मेलेल्या बापावर राग धरून बसलीय. बसलेच आहे.

आज मी बादली, मग, चादर आणि कपडे वाळत घालायची दोरी घेतली. परवा तुमच्या नातीला नांदेडला सोडायचंय. नर्सिंगलाच. नवरा हो म्हणाला, सासू हो म्हणाली, कुणापासून काही लपवायचं नव्हतं. काउंटरवर सामान मांडलं. त्या पोरीनं एकेक वस्तू यंत्रापुढं फिरवली. मी उगीच थांबून राहिले. मग माझी मीच बोलले, "लेक चाललीय नांदेडला. नर्सिंगला नंबर लागलाय."

ती म्हणाली, "कॅरीबॅग लागंल का?"

मागच्या बाईनं ट्रॉली पुढं रेटली, मी बाजूला झाले. ऑटोत बसल्यावर मला रडू आलं. घरी लेकीनं विचारलं, तर डोळ्यात धूळ गेली म्हणाले. तुम्ही बरोबर होतात, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, आणि हा कागद या घराबाहेर जाणार नाही. पण त्या पोरीनं नुसतं "व्हय का?" म्हटलं असतं ना अण्णा, तर मी मागची सगळी रांग थांबवून तिला सांगत बसले असते.