एकडोळ्या कुत्रा आणि शेवटचा हात

तीर्थस्वरूप ताईच्या चरणी,

तुझ्या एकुलत्या एका धाकट्या भावाचा नमस्कार. (साष्टांग म्हणणार होतो, पण हल्ली आडवा झालो की उठवायला दोन माणसं लागतात.) तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. अक्षर नेहमीपेक्षा मोठं दिसेल. पेन नवीन आहे आणि जरा जाड आहे, बाकी काही नाही. गेले अकरा महिने तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि का बोलत नाहीस तेही मला ठाऊक आहे. मोतीबिंदूच्या तपासणीला डोळ्यांत थेंब घालून बसवलेला भाऊ ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून उठतो आणि थेट रिक्षा करून घर गाठतो, आणि बहीण त्याची फाइल मांडीवर घेऊन दोन तास बाकावर बसून राहते, हे काही बरं झालं नाही. पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला तर ते फारच लागलं असणार. पण चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला, ज्याच्या नजरेतून साधा अनुस्वार निसटला नाही त्याला, कुणी ‘तुझ्या डोळ्यांवर पडदा आलाय’ म्हणावं, हेही थोडं लागतंच. असो. हे पत्र त्याविषयी नाही. हे पत्र सिनेमाविषयी आहे.

त्याचं असं झालं, की नातीच्या मैत्रिणीला ताप आला आणि तिकीट वाया जाऊ नये म्हणून मला नेण्यात आलं. (उरलंसुरलं संपवण्याचं खातं घरात माझ्याकडेच आहे.) आत गेल्यावर नात म्हणाली, “आजोबा, पायऱ्या आहेत, हात धरा.” मी म्हटलं, मला डोळे आहेत. त्यानंतर मी ज्या खुर्चीत बसलो तिच्यात आधीच एक गृहस्थ बसलेले होते. माणूस सज्जन निघाला. फक्त ‘सावकाश’ एवढंच म्हणाला.

आणि मग ताई, पडदा उजळला. मी काय सांगू तुला. दिवसा लिफ्ट दुरुस्त करणारा एक साधा मिस्त्री. पण वरून काहीही पडलं की तो ते झेलतो. कुंडी पडो, माणूस पडो, अख्खा पूल पडो, हा हात पसरून खाली हजर. त्याचं सिनेमातलं नाव लांबलचक आहे, मी मनातल्या मनात त्याला ‘झेलकरी’ म्हणतो. आपले कवितेचे मास्तर टेबलावर डस्टर आपटून वृत्त शिकवायचे ते आठवतं ना? हा वर झेपावतो तो अस्सल भुजंगप्रयातात आणि हळूहळू खाली उतरतो तो मंदाक्रांतेत. शाळेच्या वाटेवर ओढ्यावरची ती एक फळी होती. तू माझा हात धरून पलीकडे न्यायचीस आणि मी खाली पाणी बघू नये म्हणून माझ्याकडून कविता म्हणवून घ्यायचीस. कुठल्या यतीवर पाय पुढे टाकायचा तेही ठरलेलं होतं. साठ-पासष्ट वर्षांनी त्या अंधारात माझे पाय आपोआप ताल धरू लागले. (पुढच्या खुर्चीतल्या बाईंनी दोनदा मागे वळून बघितलं. त्यांना वृत्तांची गोडी नसावी.)

दिग्दर्शकाच्या धाडसाला तर माझा दंडवत. सबंध सिनेमा त्याने धुक्यात घेतलाय. शहर धुक्यात, कारखाना धुक्यात, अगदी स्वयंपाकघरातल्या प्रसंगातही एक मंद, दुधाळ धुकं. दिव्याभोवती इंद्रधनुष्याची कडी. माणसाच्या जगण्यातली अनिश्चितता अशी सुचवणं सोपं नाही. आणि झेलकऱ्याचा कुत्रा. ताई, असा कुत्रा मी जन्मात पाहिला नाही. धिप्पाड, काळाभोर, एकाच डोळ्याचा. पण त्या एका डोळ्यात केवढं तेज. मालक घरात गेला की हा दाराशी निश्चल उभा. भुंकणं नाही, फक्त कधीमधी खोल गुरगुर. शेवटाकडे तो पुलावरून नदीत कोसळला तेव्हा मी हुंदका देऊन रडलो. शेजारच्या त्याच गृहस्थांनी मला कागदी रुमाल दिला. ते स्वतः मात्र कोरडे होते, याचं मला वाईट वाटलं.

शेवट ऐक. सगळ्यांना झेलून थकलेला झेलकरी स्वतःच पडतो. खाली कोणी नाही. आणि पडता पडता वरून एक हात येतो आणि त्याचं मनगट पकडतो. तो हात बघताच सगळ्या प्रेक्षागृहाच्या तोंडून एकच ‘हाऽ’ निघाला. मीही ‘हाऽ’ म्हटलं, जरा उशिरा. कारण मला हात दिसला, पण कोणाचा ते कळलं नाही. धुकं फार होतं. दिवे लागले, आणि तीनशे माणसांमध्ये ते न कळलेला मी एकटा उरलो.

विचारायचं कसं? म्हणून आठ दिवस मी स्वतःच पुढचा भाग रचला. (तो दोन वर्षांनी येणार आहे म्हणे.) रविवारी नातीच्या चार मैत्रिणी आल्या, त्यांना तो सविस्तर सांगितला. कुत्रा वाहत जाऊन बेटावर लागतो, मालकाची वाट बघतो, वगैरे. आणि तो हात झेलकऱ्याच्या थोरल्या बहिणीचा. सिनेमात त्याला बहीण असल्याचं कुठे म्हटलेलं नाही हे मी कबूल केलं, पण पडणाऱ्या धाकट्याला दुसरं कोण धरणार? मुली पापणी न हलवता ऐकत होत्या. मग तापातून उठून एव्हाना सिनेमा बघून आलेली ती मैत्रीण म्हणाली, “आजोबा, कुत्रा कोणता?” मी वर्णन केलं. मग नात हळूच म्हणाली, “आजोबा, ती मोटरसायकल होती.”

धुक्याचंही मी विचारून घेतलं. सिनेमात धुकं नव्हतं. एकाही प्रसंगात नव्हतं.

कोणी हसलं नाही, हे जास्त लागलं. नातीने शेवटचा प्रसंग फोनवर लावून माझ्या नाकाशी धरला. हात आला, मनगट धरलं. मला दिसला तो एक पांढरा डाग. ती सांगायला लागली, मी तिला थांबवलं. ज्याने लोकांच्या चुका शोधण्यात हयात घालवली, त्याने निदान एवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं.

पत्र लांबलं. गुडघ्यांना जप.

तुझा,
धाकटा

ता. क. पेन जाड नाही.

ता. क. दुसरा. येत्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ मी स्वतः फोन करून घेतली आहे. ‘सोबत कोण?’ विचारलं, तर तोंडातून ‘थोरली बहीण’ निघून गेलं. आता ते खोटं पडू नये. फाइलही तुझ्याकडेच आहे. ‘मी म्हणत होते’ हे वाक्य मात्र घरीच ठेवून ये.

ता. क. तिसरा. रडता रडता एक ओळ सुचली होती. तिची जोडीची ओळ रविवारनंतर जमली:

पडे खालती तो, उडे प्राण माझा
धुके ते नभी ना, दिठीदोष माझा

‘माझा’ला ‘माझा’ जुळवल्याबद्दल मास्तरांनी अर्धा गुण कापला असता. तू कापू नकोस.

ता. क. शेवटचा. थेंब घातल्यावर मला तहान लागेल. हात सोडू नकोस.